खोली सातशे चौदा, क्रेडिट दोनशे

४ जानेवारी

बोक्या,

जहाजावर कोट घालून हिशेबाच्या खिडकीत बसतोस, लोक तुला सर म्हणत असतील, पण मावशीचं दुधाचं पातेलं मी विसरलेले नाही. तेव्हा माझ्या पत्रात तू बोकाच राहणार.

बातमी मोठी आहे. ह्यांच्या लिफ्ट कंपनीने पंचवीस वर्षं नोकरी झालेल्या सहा मेकॅनिकना बक्षीस म्हणून क्रूझ दिली आहे. तीही तुमच्याच कंपनीची. तू आहेस ते जहाज नाही, दुसरं, त्याहून मोठं. सोळा फेब्रुवारीला निघायचं, पाच रात्री. मी, हे, सासूबाई आणि चिमणी, चौघं एकाच खोलीत. खोलीचा नंबरसुद्धा आला आहे, सातशे चौदा. चिमणीने तो वहीच्या प्रत्येक पानावर लिहून ठेवलाय. सासूबाई रोज विचारतात की जहाजावर जिना आहे का, आणि हे रोज सांगतात की आई, सोळा लिफ्ट आहेत, आणि मी असताना एकही बंद पडणार नाही.

तिकीट, खोली आणि मोठ्या जेवणघरातलं जेवण कंपनीचं. बाकी सगळं आमचं. मी जहाजाच्या चलनात तीनशे बाजूला काढलेत. चष्म्याच्या दुकानातला माझा पाच आठवड्यांचा पगार. त्याच्या वर एक पैसा जायला नको, हे पक्कं. म्हणून तुला विचारते, आणि तू खोटं कौतुक न करता सांग. बक्षिसी किती द्यावी लागते? पिण्याच्या पाण्याला पैसे पडतात का? बंदरावर उतरलं की फिरण्याचं काय? फोटो काढतात म्हणे, ते घ्यावेच लागतात का? सासूबाईंना लागलं तर डॉक्टर किती घेतो?

आणि अजून एक. ऐकलंय की तिथे रोख चालत नाही, प्रत्येकाला एक कार्ड देतात आणि त्यावर सगळं चढत जातं. त्या कार्डाला मर्यादा घालता येते का? म्हणजे ठरावीक जागी ते चालूच नये, असं करता येतं का?

उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठव. घरच्या पत्रपेटीचं कुलूप बिघडलं आहे. फोन करू नकोस. दोन खोल्यांच्या घरात फोनवर बोललं की ते पत्र मोठ्याने वाचल्यासारखंच होतं.

तुझी ताई

१५ जानेवारी

ताई,

पत्र मिळालं. बोका कोट घालून खिडकीत बसून ते वाचत होता आणि समोर रांग लागली होती.

आता नीट ऐक. जहाजावर पैसे दिसत नाहीत, म्हणून ते जास्त जातात. माझी सगळी नोकरी या एका गोष्टीवर चालते. माणूस पाच दिवस कार्ड टेकवत फिरतो आणि शेवटच्या सकाळी माझ्या खिडकीवर येऊन म्हणतो, हे बिल दुसऱ्या कुणाचं तरी आहे.

बक्षिसी माणशी रोजची चार, आपोआप लागते. चौघांचे पाच दिवसांचे ऐंशी गेले. जेवणघरातलं पाणी, चहा, कॉफी फुकट. तोच चहा वरच्या डेकवर कागदी फूल लावलेल्या कपात दिला की तीन. बंदरावरची बसची सहल माणशी पंचवीस, ती घेऊ नकोस, गाव दहा मिनिटांवर असतं, चालत जा. फोटोवाला जिन्यावर पकडतो. काढू दे, घेतलाच पाहिजे असं नाही. घेतलास तर एकाचे पंधरा. डॉक्टर साठ घेतो आणि आल्याचा तुकडा चघळा म्हणून सांगतो. तेव्हा मळमळीच्या गोळ्या घरूनच ने. फोनचं नेट घेऊ नकोस. मी स्वतः घेत नाही, म्हणून तर पत्रं लिहितो.

कार्डाचं असं. चढल्यावर खिडकीवर तीनशे रोख अनामत भर. तेवढे संपले की चौघांचीही कार्डं थांबतात. चिमणीचं कार्ड नुसतं दाराच्या कुलपापुरतं ठेवता येतं. पण मोठ्या माणसाचं कार्ड एखाद्या जागेपुरतं बंद करायचं, तर ज्याचं कार्ड त्यानेच येऊन सही करावी लागते. बायकोने नवऱ्याच्या कार्डाला कुलूप लावायची सोय आमच्याकडे नाही. असती तर माझ्या खिडकीवर दुप्पट रांग लागली असती.

खरं सांग, कुठली जागा बंद करायची आहे? सरबताचा काउंटर? ताई, तू लहानपणी माझ्या गोळ्या मोजून द्यायचीस ते मला आठवतंय. भावोजींनी पंचवीस वर्षं लोकांना वरखाली नेलं, आता त्यांना पाच दिवस एखादं सरबत पिऊ दे. इतका हात आखडता घेऊ नकोस.

आणि एक गोष्ट मी केली आहे. ती सांगत नाही. चढलीस की कळेल.

तुझा बोका

१ फेब्रुवारी

बोक्या,

तुझ्या पत्रावर दुकानात हसले आणि मग मागच्या खोलीत, जिथे काचा घासायचं मशीन आहे, तिथे जाऊन बसले. तुला वाटतं मी चिकट आहे. वाटू दे म्हटलं असतं, पण आता पंधरा दिवस उरलेत आणि मला सरळ उत्तर हवं आहे. म्हणून सरळ लिहिते.

सरबताचं नाही विचारलं मी. जहाजावर जुगाराची खोली असते ना? तिच्याबद्दल विचारलं.

ही गोष्ट माहेरी कुणाला ठाऊक नाही. सासूबाईंनाही नाही. तीन वर्षांपूर्वी हे मोबाईलवर पैसे लावून पत्ते खेळायला लागले. घरी नाही. इमारतींच्या गच्चीवर लिफ्टच्या यंत्राची खोली असते, तिथे बसून. आधी शंभर, मग हजार, मग चिमणीच्या पुढच्या शिक्षणासाठी ठेवलेलं सगळं. एकदा खाली लिफ्ट अडकली आणि हे वर डाव सोडून उठले नाहीत. आत एक बाई होती, वीस मिनिटं. तिने तक्रार केली नाही म्हणून नोकरी राहिली. त्या संध्याकाळी ह्यांनी स्वतः येऊन मला सगळं सांगितलं. मोबाईल माझ्यापुढे ठेवला आणि जमिनीवर बसून रडले. मी रडले नाही. मी विचारलं, किती?

त्याला दोन वर्षं एक महिना झाला. पगार माझ्या खात्यात येतो. हे रोज सकाळी डब्यातून भाड्यापुरते पैसे घेतात आणि संध्याकाळी उरलेले परत टाकतात, मी न मागता. ह्यांनी कानाला खडा लावला आहे आणि मी ते मानते. पण बोक्या, दोन वर्षं मी रात्री ह्यांच्या खिशात हात घालून बघते. हे जागे असतात, मला ठाऊक आहे. 

बक्षीस नाकारावं म्हटलं तर कारण काय सांगणार? पंचवीस वर्षांत ह्या माणसाला पहिल्यांदा कुणी शाबासकी दिली आहे. आणि सही करा म्हणून मी सांगू शकत नाही. सांगितलं की त्याचा अर्थ एकच होतो.

तर मला एवढंच कळव. ती खोली कुठल्या मजल्यावर आहे? जेवायला जाताना तिच्यावरून जावं लागतं का? दुसरी वाट असेल तर आम्ही त्या वाटेने जाऊ. आणि तू जे काही केलं आहेस ते आता सांगून टाक. मला अचानकपणा नको आहे.

पत्रपेटीचं कुलूप चांगलं आहे. दुकानाच्याच पत्त्यावर लिही.

ताई

१७ फेब्रुवारी

ताई,

तुझं एक तारखेचं पत्र मला आज मिळालं. हवा खराब होती म्हणून आमचं जहाज दोन बंदरं गाळून पुढे आलं आणि टपालाची पिशवी मागेच राहिली. तुम्ही काल निघालात. हे पत्र तुझ्या दुकानात पोचेल तेव्हा तुम्ही परतही आलेले असाल. तरी लिहितो, कारण लिहिल्याशिवाय मला खिडकीत बसवत नाही.

मी केलेली गोष्ट ही. तुमच्या खोलीच्या नावावर मी दोनशे भरले आहेत. आम्हाला नातेवाइकांसाठी असं भरता येतं, सवलतीत. तुझ्या तीनशेवर दोनशे आले की तू जरा मोकळी होशील, एवढंच डोक्यात होतं. आणि आता तुझं पत्र वाचून कळतंय की मी काय करून बसलो. कारण ते पैसे जहाजावर कुठेही चालतात. कुठेही म्हणजे तिथेही. वर नियम असा की शेवटच्या दिवसापर्यंत वापरले नाहीत तर बुडाले, परत मिळत नाहीत. ज्या माणसाने दोन वर्षं भाड्याचे सुटे मोजून परत टाकले, त्याच्यापुढे मी फुकट जाणारे दोनशे ठेवले.

तुमच्या जहाजावरच्या खिडकीला मी निरोप पाठवला आहे की हे पैसे फक्त खाण्यापिण्यापुरते करा. उत्तर नाही. तुला निरोप द्या असंही कळवणार होतो, पण काय सांगणार होतो? निरोप खोलीत येतो आणि खोलीत चौघं आहात.

ती खोली सातव्या मजल्यावर आहे, पुढच्या लिफ्टच्या समोर. म्हणजे तुमच्याच मजल्यावर. मागच्या लिफ्टने जा, हे लिहून आता काय उपयोग.

माझ्यावर रागाव, पण मला कळव.

बोका

१९ फेब्रुवारी, जहाजावरून

बोक्या,

हे पत्र मी इथल्या खिडकीवर देणार आहे. ते म्हणाले कंपनीच्या पिशवीतून तुझ्या जहाजावर जाईल.

पहिला दिवस चांगला गेला. इतका चांगला की मी सावध राहायचं विसरले. चिमणी धावत होती, सासूबाई खिडकीशी बसून पाण्याला नावं ठेवत होत्या. हे प्रत्येक लिफ्टमध्ये शिरून कान लावत होते. आमच्या दारापासून वीस पावलांवर ती खोली आहे. मी ह्यांच्या डाव्या बाजूने चालत होते, म्हणजे ती खोली आणि हे यांच्या मध्ये मी.

काल दुपारी दाराखालून चिठ्ठी आली. वर आमचा नंबर, खाली बक्षिसीचे पैसे, आणि त्याखाली: क्रेडिट दोनशे.

आमच्या दुकानात उधारीच्या गिऱ्हाइकाच्या नावापुढे मालक लाल शाईने क्रेडिट असं लिहितात. म्हणजे चष्मा नेला, पैसे यायचेत. बारा वर्षं मी तो शब्द वाचते आहे. चिठ्ठी मी दोनदा वाचली. आम्ही काहीच घेतलं नव्हतं. चिमणीचं कार्ड कुलपापुरतं. सासूबाईंना कार्ड कुठे टेकवतात तेही ठाऊक नाही. आणि सकाळी हे अर्धा तास एकटे लिफ्ट बघायला गेले होते.

खिडकीवर जाऊन विचारायला हवं होतं, ठाऊक आहे. गेलेही होते. रांगेत ह्यांच्या कंपनीतली दोन कुटुंबं उभी होती, हसत, हात करत. त्यांच्यासमोर मी काय विचारणार होते, माझ्या नवऱ्याने दोनशेची उधारी कुठे केली म्हणून? परत फिरले.

खोलीत सगळे होते. मला थांबता आलं नाही. चिठ्ठी ह्यांच्यापुढे धरली आणि म्हटलं, "पुन्हा?"

हे चिठ्ठी वाचत राहिले. मग म्हणाले, "मी अजून त्या खोलीत पाऊल टाकलेलं नाही."

मी तो 'अजून' धरला. अजून म्हणजे टाकणार होतात. आणि मग मी जे बोलले ते तुला लिहीत नाही. गच्चीवरची खोली, लिफ्टमधली बाई, चिमणीचे पैसे, सगळं सासूबाईंच्या देखत. चिमणी मला गप्प करत होती. सासूबाईंनी फक्त विचारलं की हे खरं आहे का, आणि हे म्हणाले, हो आई, ते खरं आहे. मग कार्ड उचललं आणि बाहेर गेले.

तीन तासांनी आले. मी काही विचारलं नाही, त्यांनी काही सांगितलं नाही. जेवणघरात आम्ही चौघं एका टेबलाशी बसलो आणि वेटरने चिमणीला रुमालाचा ससा करून दिला, तेवढंच काय ते बोलणं झालं.

आता मी काय करू? दोनशे माझ्या अनामतीतून जातील, ते जाऊ देत. मी दोन वर्षं ज्याच्यावर घर उभं केलं ते गेलं की नाही, एवढंच मला कळत नाही.

ताई

१ मार्च

ताई,

ते दोनशे माझे होते.

माझं सतरा तारखेचं पत्र एव्हाना मिळालं असेल, तरी पुन्हा लिहितो. आमच्याकडे क्रेडिट म्हणजे तुमच्या बाजूने जमा. भेट. तुमच्या दुकानात देणं, आमच्याकडे येणं. पंधरा वर्षं मी तो शब्द रोज शंभरदा टाईप करतो आणि दुसऱ्या बाजूने तो कुणी कसा वाचेल हे माझ्या मनातही आलं नाही. तू चिठ्ठी पुढे धरलीस तेव्हा भावोजींनी काहीही केलेलं नव्हतं. ते खरं बोलत होते. मी गंमत म्हणून गप्प राहिलो, त्याचं हे झालं.

एवढ्यावर थांबावं असं फार वाटतंय. हे पान मी दोनदा फाडलं. पण एकदा लपवून बघितलं, ते कुणाच्या अंगाशी आलं ते दिसतंच आहे.

भेट देणाऱ्याला शेवटी यादी येते, पैसे कुठे वापरले त्याची. काल आली. दोन फोटो, तीस. वरच्या डेकवर चार चहा, बारा. सासूबाईंची गरम शाल, पंचावन्न. आणि एक ओळ, जुगाराची खोली, चाळीस. अठरा फेब्रुवारी, संध्याकाळी पाच चौदा. कार्ड भावोजींचं.

तारीख आणि वेळ बघ, ताई. तू चिठ्ठी धरलीस त्याच्यानंतरची आहे. आधी काही नाही आणि त्यानंतरही काही नाही. मी याचा अर्थ लावत नाही. मला तो अधिकारही नाही. फक्त जे मला दिसलं ते तुझ्यापासून लपवून मी पुढचं पत्र लिहू शकलो नसतो.

बोका

१२ मार्च

प्रिय बोक्या,

तुझी दोन्ही पत्रं मिळाली. आधीचं, आम्ही परतलो त्या दिवशीच. ते हातात घेऊनच घरी गेले, ह्यांना सांगितलं की पैसे बोक्याचे होते, शब्द मी चुकीचा वाचला, आणि माफी मागितली. सासूबाईंसमोर आणि चिमणीसमोर मागितली, कारण बोलले होते तेही त्यांच्यासमोरच.

आता त्या चाळीसचं. तू उगाच दोन पानं फाडलीस. ते मला आधीपासून ठाऊक होतं. ह्यांनी स्वतःच सांगितलं, परतीच्या दिवशी, सामान बांधताना. म्हणाले, तुझ्या बोलण्याने डोकं फिरलं, गेलो, चाळीस घालवले, परत आलो. मीही म्हटलं की मला बोलायला नको होतं. विषय तिथेच संपला. तेव्हा तू मनात काही अढी ठेवू नकोस, आणि मावशीकडे यातलं अक्षर बोलू नकोस. माणूस चांगला आहे.

शाल सासूबाई काढतच नाहीत. घरात उकडतं तरी.

तुझी ताई

२४ मार्च

ताई आणि भावोजी,

आता सगळं उघडच आहे, म्हणून या वेळी पत्र दोघांच्या नावाने, घरच्या पत्त्यावर. पत्रपेटीचं कुलूप ठीक आहे ना?

भावोजी, तुमची माफी मागायची आहे. माझ्या एका शब्दाने तुमच्या प्रवासाचं मातेरं झालं. आणि एक सांगायचं आहे. परतीच्या दिवशी सामान बांधताना त्या चाळीसचं तुम्ही ताईला स्वतःहून सांगितलंत, असं तिने कळवलं. मी पंधरा वर्षं लोकांची बिलं बघतोय. एवढी एक ओळ बायकोपासून लपवायला माणसं माझ्यासमोर काय काय करतात ते मी बघितलंय. तुम्ही सांगितलंत. माझ्या मनात तुमच्याबद्दल मान होता, तो वाढला.

जूनमध्ये सुट्टी आहे, तेव्हा येतो.

तुमचा बोका

४ एप्रिल

प्रिय मेहुणेबुवा,

मला पत्र लिहायची सवय नाही. लिफ्टच्या दुरुस्तीचा अहवाल लिहितो तेवढंच. तसंच लिहितो.

तुझं पत्र आज दुपारी आलं. ती दुकानात आहे. पाकिटावर माझंही नाव होतं म्हणून उघडलं.

परतीच्या दिवशी सामान बांधताना मी तिच्याशी एकच वाक्य बोललो. बॅगेची चेन लागत नाही, असं. त्या चाळीसचं मी तिला सांगितलेलं नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही, आजपर्यंत नाही.

म्हणजे तिला तुझ्याकडून कळलं. तुझ्या आधीच्या पत्रातून कळलं असणार, महिना होत आला असेल त्याला. आणि तिने तुला लिहिलं की मी सांगितलं. तुझ्यासमोर माझी मान खाली जाऊ नये म्हणून. एवढे दिवस ती मला जेवायला वाढते, समोर बसते, चिमणीच्या परीक्षेचं बोलते. एकदाही विचारलं नाही. मी तुझं पत्र चार वेळा वाचलं तेव्हा कुठे हे डोक्यात शिरलं.

आता त्या दिवशीचं. खोलीतून निघालो तो पुढच्या लिफ्टजवळ गेलो. समोर ती खोली. मध्ये एक बाक आहे, त्यावर बसलो. त्या लिफ्टचं दार बंद होताना खालच्या पट्टीला घासत होतं. तास दीड तास मी तेच ऐकत बसलो. मनात म्हणत होतो, अजून पाच वेळा दार घासलं की उठून खोलीवर जायचं. मग अजून पाच. असं चाललं होतं. या दोन वर्षांत मला खेळावंसं वाटलं नाही असं नाही. रोज वाटतं. रोज नाही म्हणतो. त्या दिवशी वाटलं की नाही म्हटल्याचं कुणाच्या खात्यात काही जमा होतच नसेल तर कशाला म्हणायचं. आईसमोर चोर ठरलोच होतो. मग गेलो.

चाळीस गेल्यावर उठलो. का उठलो ते मला सांगता येणार नाही. फार मोठं काही केलं असं समजू नकोस. परत येऊन तास दीड तास पुन्हा त्याच बाकावर बसलो.

शेवटच्या दिवशी खिडकीवर हिशेब करायला मी गेलो. तिथली मुलगी म्हणाली, तुम्हाला भेट आलेली होती, बक्षिसी सोडून सगळं त्यात बसलं. तेव्हा मला क्रेडिटचा अर्थ कळला. बिलाचा कागद मी तिथेच टोपलीत टाकला. घरी आलो, त्याच संध्याकाळी ती तुझं पत्र घेऊन आली आणि सगळ्यांसमोर माझी माफी मागितली.  मी सांगायला हवं होतं, थांब, अर्धीच चूक तुझी आहे. मी काय म्हणालो सांगू? "जाऊ दे." मोठ्या मनाने म्हणालो बघ. आई माझ्या पाठीवरून हात फिरवत होती.

चाळीस गेल्याचं मला एवढं वाटत नाही. ती माफी घेतल्याचं वाटतं. ते मला दोन वर्षांपूर्वीच्या सगळ्यापेक्षा वाईट वाटतं, कारण तेव्हा मी निदान स्वतः येऊन सांगितलं होतं.

ती साडेसातला येते. आता पावणेसात झालेत. तोंडाने सांगायला गेलो की मी पुन्हा काहीतरी गाळीन, स्वतःला ओळखतो मी. म्हणून हे पत्र तुझ्या नावाने लिहिलं आहे, पण आधी तिला वाचून दाखवणार आहे. आई आणि चिमणी असतील तर त्यांच्यासमोर. मगच पेटीत टाकेन. तुला हे मिळालं, तर वाचून झालं असं समज.

तुझा,
भावोजी

ता. क. हे मी लिहिते आहे, तुझी ताई. ऐकलं. चाळीस मला ठाऊक होते. बाकावरचं ठाऊक नव्हतं. हे समोर बसून आहेत. पाकीट मी चिकटवते आहे.